पहिल्या पावलाचा माणूस

नकुल, तो मोठा दिवा बंद कर. कोपऱ्यातला असू दे. ईशिता, तू ते पांघरूण घे, या काचेच्या कॉन्झर्व्हेटरीत कितीही हीटर लावा, पाय गारच राहतात. बॅगा भरून झाल्या ना तुमच्या? सकाळच्या ट्रेनने तुम्ही चाललात वेल्समधल्या कुठल्याशा खेड्यात, युनिव्हर्सिटीच्या प्रोजेक्टवर, म्हाताऱ्या माणसांची लाकडं फोडायला. चांगलं आहे. जा. पण मघाशी जेवताना नकुल, तू जे बोललास ना, ते अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही. काय म्हणालास? "काका, त्या लोकांना ना, सगळ्यांना यस म्हणायचा. नंतर कोण बघतो?"

कोण बघतो ते सांगतो. बस.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे तुमच्या आईबापांना विचारा. आम्ही बाबासाहेबांच्या वाटेवरची माणसं. उभं आयुष्य मी स्लाऊला ट्रेडिंग इस्टेटवरच्या कारखान्यात नाइट शिफ्ट केली आणि रात्रीत मला उंदरांशिवाय कोणी भेटलं नाही. पण ही गोष्ट आपल्या प्रमोदच्या मुलाची. प्रमोदला ओळखता तुम्ही, विहारात माइक हातात आला की सोडत नाही, तो. त्याचा प्रज्ञेश. बापाने आणि मुलाने मला वेगवेगळं बसून एकच हकिकत सांगितली, आणि दोघेही सांगताना माझ्याकडे बघत नव्हते. शान मारायला सांगितलेली गोष्ट अशी सांगत नाहीत.

प्रज्ञेश तेव्हा बर्मिंगहॅमला दुसऱ्या वर्षाला होता. त्यांच्याही डिपार्टमेंटचा असाच प्रोजेक्ट. ख्रिसमस झाला की मुलांना यॉर्कशरच्या डोंगरात न्यायचं, स्केलबेक नावाच्या गावात. त्या आठवड्यात तिथली बस बंद, शेजारपाजार आपापल्या मुलांकडे गेलेला, म्हातारी माणसं एकेकटी. मुलांनी व्हिलेज हॉलमध्ये झोपायचं, दिवसभर लोकांची कामं करायची आणि गाव कसं जगतं ते शिकायचं. निघताना त्यांच्या टीचरने एवढंच बजावलं होतं: कोणी चहा विचारला तर बसा आणि प्या. घाई दाखवू नका. आणि येतो म्हणालात, तर जा.

प्रज्ञेशच्या वाट्याला मिसेस ऑल्डरसन नावाची बाई आली. एकटी, विधवा, मूलबाळ नाही. गावाचा पब खाली, व्हिलेज हॉल वर, आणि मधल्या चढणीवर दगडी कुंपणाच्या आत बाईचं घर. रोज दुपारी हा ढकलगाडीत लाकडं भरून न्यायचा, मागच्या दाराशी रचायचा आणि मग चहा प्यायला आत बसायचा. बाईने त्याला शेगडी रात्रभर कशी धुमसत ठेवायची ते शिकवलं. मेंढ्यांच्या गोष्टी सांगितल्या. त्याने तिला फोनवर स्लाऊचं घर दाखवलं, आईने केलेल्या पुरणपोळ्यांचे फोटो दाखवले. पोराला ती बाई खरंच आवडली होती. हे लक्षात ठेवा, कारण ती आवडली नसती तर पुढचं इतकं लागलं नसतं.

एक दिवस चहा ओतता ओतता बाई म्हणाली, "तुझे केस किती काळेभोर आहेत रे!" आणि लाजली. ऐंशीच्या पुढची बाई, लाजली. म्हणाली, एक विचारू का, रागावणार नाहीस ना?

तिकडे एक रीत आहे. एकतीस डिसेंबरला बारा वाजून गेले की घरात पहिलं पाऊल बाहेरच्या माणसाचं पडायला हवं. पुरुष हवा आणि केस काळे हवेत. कोळशाचा तुकडा, पाव आणि मीठ घेऊन त्याने पुढच्या दाराने आत यायचं, तोंडातून शब्द न काढता कोळसा शेगडीत टाकायचा आणि मग हॅपी न्यू इयर म्हणायचं. तोवर घरातल्याने बाहेर जायचं नाही, दुसऱ्या कोणाला आत घ्यायचं नाही. पूर्वी बाईकडे शेजारचा बिल यायचा. बिल वारला, आणि त्यानंतर गावात काळे केसच उरले नाहीत. पांढरे, सोनेरी, तांबडे, नाहीतर टक्कल.

"बिल गेल्यापासून माझ्या घरात नवीन वर्ष आलंच नाही बघ," बाई म्हणाली. "तू येशील?"

"येईन की!" प्रज्ञेश म्हणाला.

आता हे त्याने संध्याकाळी हॉलमध्ये सगळ्यांना सांगितलं. कौतुकानेच सांगितलं. तर त्यांच्यातला एक टॉम म्हणून पोरगा, तो म्हणाला, "लकी ब्राउन मॅन! भाड्याने मिळतो का रे?" सगळे हसले. प्रज्ञेशही हसला. ते स्वतःचं हसणं त्याला अजून बोचतं, हे त्याने मला सांगितलंय. पण त्या रात्री वेगळंच बोचलं. बाई केसांबद्दल बोलली होती. हा पडल्या पडल्या कातडीबद्दल ऐकायला लागला.

मग त्याने बापाला फोन लावला. आणि आपला प्रमोद, आयुष्यभर अंधश्रद्धेवर भाषणं दिलेला माणूस, तो भडकला. "शकुन? आपण शकुनाला जायचं? नंदीबैल करून दारात उभं करतायत तुला! काही जायचं नाही. पण उगाच गोड बोलून टांगून ठेवू नकोस. सरळ नाही म्हणून सांग."

सरळ नाही म्हणून सांग. एवढं एक काम होतं. बापाचं पटलं होतं, तर दुसऱ्या दिवशी जाऊन सांगायचं होतं, "माफ करा, आमच्यात हे बसत नाही." म्हातारी हिरमुसली असती, दुसरा चहा केला असता, विषय संपला असता. आमच्या प्रज्ञेशने ते केलं नाही. रोज लाकडं घेऊन गेला, रोज चहा प्यायला, रोज ती म्हणायची, "लक्षात आहे ना?" आणि हा म्हणायचा, "हो, हो." तिच्या तोंडावर नाही म्हणायची लाज वाटत होती म्हणे. आणि जायची मित्रांसमोर लाज वाटत होती. दोन्हीकडची लाज राखायला गेला.

नको नकुल, मध्ये बोलू नकोस. तुझी पाळी येईल.

एकतीस डिसेंबरची संध्याकाळ. डोंगरात तेव्हा चारलाच काळोख पडतो. बाईने निरोप पाठवला, पुढचं दार फुगलंय, येऊन बघशील का? त्या घरांतून सगळे मागच्या दारानेच ये-जा करतात, पुढचं दार वर्षभर उघडत नाहीत. प्रज्ञेश गेला. रंधा मारला, बिजागऱ्यांना तेल घातलं, दार दोनतीनदा उघडून मिटून दाखवलं. स्वतःच्या हाताने. आपण येणार नाही हे पक्कं ठाऊक असताना. बाईने चांगला निळा ड्रेस इस्त्री करून खुर्चीवर टाकला होता. निघताना तिने एक कागदाची पुडी त्याच्या हातात दिली. कोळसा, पावाचा तुकडा आणि चिमूटभर मीठ. "तुझ्याकडे कुठून असणार, म्हणून मीच बांधलं," म्हणाली. "सावकाश ये. मी जागी राहीन."

पुडी जॅकेटच्या खिशात टाकून तो खाली पबमध्ये गेला.

बारा वाजले. चर्चची घंटा झाली. पबमध्ये मिठ्या मारणं चाललं, गाणी चालली. तिथल्या खिडकीतून वरच्या चढणीवर बाईच्या घराचा दिवा दिसत होता. प्रज्ञेशने जागा बदलली आणि खिडकीकडे पाठ करून बसला.

"पण काका, तो गेला का नाही? इट वॉज राइट देअर ना, तिची घर?"

हो ईशिता. होतं तिथेच. तेच तर.

पब रिकामा व्हायच्या आधी तो एकटाच निघाला. आदल्याच दिवशी अमावास्या झालेली. मी पंचांग बघत नाही, पोराने नंतर फोनवर बघितलं होतं. वारा अजिबात नाही. कुंपणाच्या दगडांवर दंव गोठलेलं. हॉलवर जायला तेवढी एकच वाट, बाईच्या घरावरून. त्याने मनाशी म्हटलं, आता झोपली असेल. सकाळी जाऊन सॉरी म्हणू.

वळण आलं.

पुढचं दार सताड उघडं होतं.

आतला पिवळा उजेड वाटेवर पडलेला. आणि उंबऱ्याच्या आत बाई उभी. निळा ड्रेस. केस विंचरलेले. एवढ्या थंडीत अंगावर शाल नाही.

प्रज्ञेशने काय करावं? कपाळावरचा टॉर्च विझवला. आणि कुंपणाच्या आडोशाला खाली बसला.

लपला. हो. त्या म्हातारीपासून लपला.

"तूच आहेस ना?"

तिने विचारलं. ओरडून नाही. साध्या आवाजात.

हा गप्प.

"तूच आहेस ना रे?"

याने श्वास धरला. खिशातली पुडी बरगडीला टोचत होती. दार तिथून चांगलं लांब होतं... पण आवाज लांबून येत नव्हता. कुंपणाच्या पलीकडून, अगदी दगडापाशी वाकून कोणी बोलावं, तसा येत होता. त्याने फटीतून पाहिलं. बाई दारातच उभी होती. जागची हललेली नव्हती. तोंडही हलत नव्हतं.

मग ती हसली. मायेने.

"बरोबर. बोलायचं नाही. आधी आत ये."

...

ऐकलंत? तिला वाटलं, पोरगा रीत पाळतोय. कोळसा शेगडीत पडेपर्यंत बोलायचं नाही ना... म्हणून गप्प आहे.

त्याला तेव्हाही उठता आलं असतं. तो मला म्हणाला, "काका, मला भीती वाटली म्हणून मी उठलो नाही असं मी सगळ्यांना सांगतो. पण पहिल्यांदा भीती नव्हती. मला फक्त तिला माझा चेहरा दाखवायचा नव्हता."

तो रांगायला लागला. विशीतला धडधाकट पोरगा, कुंपणाच्या कडेने, गोठलेल्या चिखलात, हातापायांवर. उजेड त्याच्या बाजूने सरकत होता. घर मागे पडत होतं. उजेड मागे पडत नव्हता.

"ये..."

रांगत राहिला.

"दार उघडंच आहे..."

मग उठला आणि पळाला. हॉलमध्ये शिरून बुटांसकट स्लीपिंग बॅगमध्ये घुसला. सकाळपर्यंत डोकं बाहेर काढलं नाही.

सकाळी खालच्या घरातली जीन आरडाओरडा करत हॉलवर आली. तिच्याकडे बाईच्या मागच्या दाराची किल्ली असायची. सगळे धावले. बाई पुढच्या दारापाशी खुर्चीत बसलेली होती. निळ्या ड्रेसमध्ये. गेलेली. दार बंद होतं, आतून वरचा आणि खालचा दोन्ही बोल्ट लावलेले. डॉक्टर आले, त्यांनी बघितलं. म्हणाले, हार्ट. काल संध्याकाळीच गेल्या, जेवणाच्याही आधी. शेगडीवरचं सूप तसंच होतं.

जीन डॉक्टरांकडे बघत राहिली. मग वाटेवर उभ्या असलेल्या मुलांकडे वळली आणि नेमकी प्रज्ञेशपाशी आली. "तो मुलगा तूच ना? बारा वाजून गेल्यावर मी तिच्या दारावर टकटक केली. हॅपी न्यू इयर म्हणायला. तिने मला आत घेतलं नाही. दारामागून म्हणाली, तुझे केस सोनेरी, तू नको, माझा माणूस यायचाय."

डॉक्टर म्हणाले, तुमचा वेळेचा काहीतरी घोटाळा होतोय.

जीनची नजर प्रज्ञेशच्या पायांवर गेली.

 प्रज्ञेशची पँट गुडघ्यांवर चिखलाने भरलेली होती आणि ते जीनला दिसत होतं.

घरी आल्यावर पोरगा मुका झाला. आईला वाटलं परीक्षेचं टेन्शन. बाबासाहेबांच्या जयंतीच्या कार्यक्रमाच्या आमच्या मीटिंगा व्हायच्या, त्यांतही यायचा नाही. शेवटी उन्हाळ्यात कधीतरी गाडीत, पेट्रोल भरताना, बापाला सगळं सांगून मोकळा झाला. प्रमोदने गाडी तिथेच बाजूला लावली. मग काय म्हणाला, ते त्याने मला स्वतः सांगितलंय, आणि सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

तो म्हणाला, "प्रज्ञेश, तुझे आजोबा गावातल्या प्रत्येक घराच्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले. सणाला भाकरी वरून टाकायचे त्यांच्या ओंजळीत. त्यांचं पाऊल घरात पडलं तर गोमूत्र शिंपडायचे. आणि त्यांच्या नातवाला एका बाईने सांगितलं, की तुझं पाऊल पडल्याशिवाय माझ्या घरात नवीन वर्ष येत नाही. आणि मी म्हटलं जाऊ नको. मला शकुन दिसला. बोलावणं दिसलं नाही."

मी प्रमोदला म्हणालो, तुझी चूक कमी आहे, तू नाही म्हणायला सांगितलं होतंस. तो म्हणाला, "यादवराव, वाटणी करू नका. आम्ही दोघांनी मिळून एका म्हातारीला दारात बसवून ठेवलं. एवढंच आहे ते."  तुमच्याकडे याला उत्तर असेल तर सांगा.

तर पुढच्या एकतीस डिसेंबरला बापलेक गाडी काढून स्केलबेकला गेले. जाण्याआधी मी फोनवर जरा चिडवलंच. म्हटलं, काय हो प्रमोदराव, अखेर शकुनाला निघालात? तो शांतपणे म्हणाला, "शकुनाला नाही. बोलावलं होतं, म्हणून चाललोय. उशीर झालाय."

बाईचं घर तसंच पडून होतं. कोणी पुतण्या ऑस्ट्रेलियात, त्याला विकायला फुरसत नाही. वीज तोडलेली, पाइप फुटू नयेत म्हणून पाणी काढलेलं. वर्षभरात शेगडी पेटलेली नाही. जीन दोघांना बघून दारात नुसती उभी राहिली, मग आत घेऊन चहा दिला. किल्ली मागच्या दाराची आहे म्हणाली, पण मी आत जाऊन पुढचं उघडणार नाही. माझे केस चालत नाहीत.

बारा वाजले. घंटा झाली. दोघं चढण चढले. प्रमोद कुंपणाशी थांबला. प्रज्ञेशच्या हातात तीच पुडी होती. पाव वाळून खडखडीत झालेला. त्याला वाटलं होतं, दार बंदच असणार, पुडी पायरीवर ठेवू आणि हात जोडून परत येऊ.

त्याने दार नुसतं ढकललं.

उघडलं.

जीन नंतर म्हणाली, मागच्या महिन्यात घर तपासायला सर्व्हेअर आला होता, त्याने बोल्ट काढले असतील आणि लावायला विसरला असेल. असेल. मी काही म्हणत नाही.

आत मिट्ट काळोख. बाहेरच्यापेक्षा गार. प्रज्ञेश उंबरा ओलांडून आत गेला. टॉर्च लावला नाही. शेगडी कुठे आहे ते त्याला ठाऊक होतं. एक शब्द न बोलता गेला, कोळसा आत टाकला. राखेत पडल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "हॅपी न्यू इयर, मिसेस ऑल्डरसन." आणि मग म्हणाला, "मी त्या दिवशी तिथेच होतो. कुंपणाच्या मागे. मी तुम्हाला बघितलं होतं."

काही नाही. घर गप्प.

मग तो निघाला. बाहेर पडताना दार ओढून घ्यायला त्याने आतल्या बाजूच्या पितळी मुठीवर हात ठेवला.

...

आणि तसाच थांबला. बापाला हाक मारली.

प्रमोद आत आला. त्याने आधी बाहेरची मूठ चाचपली. दंव धरलेली, बोटं चिकटतील इतकी गार. मग मुलाचा हात बाजूला केला आणि आतली धरली. प्रमोद इंजिनिअर आहे, तुम्हाला माहीत आहे. त्याने दारामागे पाइप आहे का पाहिलं. वायर आहे का पाहिलं. भिंतीला हात लावला, उंबऱ्याला लावला. सगळं गारठलेलं. पुन्हा मूठ धरली.

गरम होती. तापलेली नाही. माणसाचा तळहात असतो, तेवढी. बराच वेळ कोणी धरून उभं असावं, तशी.

प्रज्ञेशने ती पुन्हा हातात घेतली. आणि त्याच्या मुठीत असतानाच ती हळूहळू गार होत गेली.